शेवटच्याला जाऊ दे

आमच्या ताई ऑफिसात पहारा द्यायच्या. कोपऱ्यातला झाडू भाल्यासारखा धरून खिडकीपासून दारापर्यंत जायच्या, मध्येच थबकायच्या, मान वळवून पुटपुटायच्या, "कोणी नाही. मांजर असेल." नवा शिपाई त्यांना पाहून दोन दिवस बिचकून होता.

सीतापुऱ्यातल्या त्या ऑफिसात आम्ही एक व्हिडिओ गेम बनवत होतो. जुन्या काळातला एक बागी, राजाविरुद्ध उठलेला, लपतछपत किल्ल्यात शिरतो. बागीच्या हालचाली बसवायचं काम माझ्याकडे होतं, किल्ल्यातल्या पहारेकऱ्यांचं ताईंकडे. मी त्या पहारेकऱ्यांना ठोंबे म्हणायचो. ताई म्हणायच्या, "शत्रू मतलब कोण रे? पगारावर आलेला माणूस. आवाज आला की आधी त्याची मान वळते, पाय नंतर. पायांना घरी जायचं असतं."

त्यांचा एकच हट्ट होता. लढाईत बाकीचे पडले आणि एकटा उरला, की तो भाला टाकून पळणार. "शेवटच्याला जाऊ दे," असं त्या म्हणायच्या. खेळणाऱ्याला त्यात कसली मजा? मी शहाणपणा करून पळणाऱ्याच्या पाठीत बाण मारला की जादा गुण ठेवले. सगळ्यांना ते फार आवडलं. ताई "ठीक आहे" म्हणाल्या आणि झाडू जागेवर ठेवून आल्या.

ताईंचे बाबा रेल्वेच्या यार्डात रखवालदार होते. एकदा चोर सळया घेऊन अंगावर आले, जोडीदार पडला आणि बाबा पळाले. पुढे त्यांच्या खातीपुऱ्यात लोक त्यांना 'भगोडा', म्हणजे पळपुटा, म्हणू लागले. बाबा भाजी आणायलाही लांबच्या गल्लीने जात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गेम तयार झाल्यावर ताई बाबांना दाखवायला घेऊन आल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि फुशारकीने खेळायला बसलो. पहारेकऱ्यांनी मला घेरलं, एकेक करून पडले. शेवटच्याने भाला टाकला आणि धावत सुटला. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"बस, जाऊ दे त्याला," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, पाहुण्यांना खरी रंगत दाखवावी. मी बाण सोडला. तो पडला आणि पडद्यावर गुण झळकले.

बाबा हळूच म्हणाले, "बरोबर आहे. पळत होता ना तो."

त्यांना बसमध्ये बसवून आल्यावर ताईंनी मला सगळं सांगितलं. "एकदा तरी कोणी सुटताना त्यांना दिसावं, एवढंच होतं माझ्या मनात," म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भयंकर लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. ते जादा गुण मी त्याच संध्याकाळी काढून टाकले.

पुढे ताईंना पुण्यात नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, "जायच्या आधी बाबांना पुन्हा एकदा आणा ना. आता तो शेवटचा पहारेकरी सुखरूप घरी पोचतो."

"सांगितलं मी त्यांना," ताई म्हणाल्या. "ते म्हणाले, घरी पोचल्यावर काय होतं, ते त्या पोराला माहीत नाही."