उलट दिशेचा सांगावा

९ मार्च २०२४. आडगव्हाणातले ख्रिस्ती जीव : सकाळी पाच, दुपारी चार.

एवढ्या बारीक घटीची गाव सहसा दखल घेत नाही. त्या दिवशी माजी सरपंच अर्जुनराव यांना मात्र ती घ्यावी लागली, कारण पाचवा जीव जाण्याआधी त्यांना एक काम सांगून गेला होता.

त्या जिवाचे नाव शांतवन ओव्हाळ. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक मानाचे काम होते. मानाचे म्हणजे, ज्यांना ते करावे लागत नसे त्यांच्या मते. मालकांच्या घरी कोणी वारले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा. चालत जायचे, अंगणाबाहेर उभे राहायचे, कोण गेले ते सांगायचे. सांगून होईपर्यंत त्या घरचे पाणी तोंडाला लावायचे नाही. नंतर लावायला हरकत नव्हती. फक्त ते कोणी देत नसे.

शांतवनच्या आईने मिशनच्या बाईंकडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा गावाने धर्मांतराचा तीव्र निषेध केला. सांगाव्याच्या बाबतीत मात्र गावाने कोणताही धार्मिक भेदभाव केला नाही. मिसरूड फुटायच्या आतच शांतवन त्या कामाला लागला. त्याला वेशीत पाहूनच बाया दारे लावून घेत. अर्जुनरावांचे वडील वारले तेव्हा ओढ्याला पूर होता. शांतवन तो पोहून चिंचटाकळीला गेला आणि आत्याबाईंच्या अंगणाबाहेर ओलेत्याने उभा राहिला. पुढे मोबाइल आले आणि ती चाल आपोआप बंद पडली. ती आपणच बंद पाडली, असे अर्जुनराव भाषणांतून सांगू लागले.

गेल्या दिवाळीनंतर बीडच्या डॉक्टरांनी शांतवनला सांगितले की अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती फार थांबणार नाही. तो एसटीने परतला, पारावर बसलेल्यांना ही बातमी दिली आणि लिंबाच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला. गाव दुखावले. मरणाऱ्या माणसाने थोडे भ्यावे, थोडे रडावे, म्हणजे जगणाऱ्यांना धीर देण्याचे पुण्य लाभते. शांतवनने ते कोणालाच लाभू दिले नाही.

सर्वांत जास्त दुखावले अर्जुनराव. त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या घरात ‘मरण’ हा शब्द वर्ज्य होता आणि साधी ढेकर आली तरी गाडी बीडच्या रस्त्याला लागे. पत्नी वच्छलाबाई एकदा म्हणाल्या, “देवाचं नाव कमी अन् डाक्टरचं जास्ती घेता. निदान देवाला फी तरी न्हाई.”

अखेर धीर देण्याच्या निमित्ताने ते शांतवनकडे गेले.

“खरं सांग शांतवन, भ्या वाटत न्हाई का बे?”

“वाटायचं की मालक. दुसऱ्याच्या दारात हुबं राहताना लई वाटायचं. आता निरोप बी माझाच अन् दार बी माझंच.”

“तुमचे पाद्री काही औषध देतेत का?”

“देतेत, दर ऐतवारी. तुमाला कडू लागंल.”

शांतवन हसला, हसताना त्याला ठसका लागला. मग तो हळू बोलू लागला. “आमच्या धर्माचा पयला सांगावा बी मयतीच्या जागेवरूनच निघाला. बाया कबरीवर गेल्या, तर कबर रिकामी. तशाच पळत सुटल्या, ‘जित्ता हाय’ म्हणून सांगाया. गडीमाणसांना काही पटंना. जल्मभर मी ‘गेला’ म्हणून सांगत हिंडलो, मालक, पर धरून ठिवला त्यो बायांचा सांगावा. मग भ्यावं कावून?”

अर्जुनराव निघायला उठले. पण शांतवनपाशी मागणे होते.

“मी गेलो की माझ्या भैनीला, अंजनाला, तुमी सांगायचं. चिंचटाकळीला चालत जायचं. फोन न्हाई.”

“मी?”

“तुमच्या बापाचा मी नेला, माझा तुमी न्या. म्हणायचं, शांतवन म्होरं गेलाय, वाट बघतोय. ती रडंल, रडू द्या. पर सांगूस्तोवर तिच्या घरचं पाणी पिऊ नका.”

अर्जुनरावांनी शब्द दिला. आयुष्यभर त्यांनी जिवंत माणसांना शब्द दिले होते आणि ते न पाळताही निवडून आले होते. मरणाऱ्याचा तर मतदानाशीही संबंध उरणार नव्हता.

९ मार्चला शांतवन गेला. राहिलेल्या चौघांनी त्याची इच्छा पाळून अंजनाला फोन केला नाही. भावाचे तोंड बघायला ती येईल, तोवर माती द्यायची नाही, असे ठरले. अर्जुनराव निघाले. फाट्यापर्यंत ते गाडीने गेले आणि पुढे चालले, म्हणजे ‘चालत गेलो’ हे विधान खोटे ठरणार नव्हते.

चिंचटाकळीत कोणी दार लावले नाही. मरण कोणत्या जातीच्या पायांनी येते हे त्या गावाला पक्के ठाऊक होते. ते इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत येईल अशी शंका कोणाला आली नाही. उलट, निवडणूक लागली की काय, अशी चौकशी झाली.

अंजना अंगणात मिरच्या वाळत घालत होती. “मालक? आमच्या दारात? वाट चुकला का काय?”

“इकडूनच चाललो होतो.”

“बसा की. दादा कसा हाय? ईस्टरला नेतो म्हनलाय मला.”

वाक्य पाचच शब्दांचे होते. पण ‘शांतवन गेला’ म्हणायचे तर आपल्या वयाची माणसे जातात हे स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागणार होते. एवढी वर्षे घराबाहेर ठेवलेला शब्द परक्या अंगणात कसा यावा?

“बराय,” अर्जुनराव म्हणाले.

अंजनाने चहा आणला. “आमचा चालतो का?”

“चालतो की. काळ बदललाय.”

आणि त्यांनी तो घेतला. त्या घराण्यातल्या कोणाच्याही हातचा हा त्यांचा पहिला चहा.

परतल्यावर ओव्हाळांच्या अंगणातले सगळे त्यांच्या मागे पाहू लागले. “सांगितलंय. येईल मागून,” अर्जुनराव म्हणाले. चौघे दिवस मावळेपर्यंत थांबले. मग पाळकांनी प्रार्थना केली आणि शांतवनला माती दिली.

अंजनाला दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मोबाइलवर कळले. अर्जुनरावांनी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक पाठवला होता. त्यात शांतवनपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता.

ती चालत आली. आधी कबरीपाशी बसून रडली, मग अर्जुनरावांच्या अंगणाबाहेर उभी राहिली. वच्छलाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या.

“सांगून झाल्याबिगर पाणी घेत न्हाई, बाई,” अंजना म्हणाली. अर्जुनराव दारात आले. “दादाचा निरोप मला आला न्हाई, मालक. त्यो तुमच्याकडंच हाय.”

अर्जुनरावांनी छातीवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली. अंजना निघून गेली. वच्छलाबाई तांब्या धरून उभ्याच होत्या.

हल्ली सामाजिक सलोख्याच्या सभांतून अर्जुनराव त्या चहाचा उल्लेख करतात. टाळ्या पडतात.

शांतवनचा सांगावा चिंचटाकळीला पोचवायचा बाकी आहे.