मखरातली मेख

"मावशी, बाप्पा बाहेर येत नाहीयेत."

तेजसचा फोन. दीड दिवसाच्या गणपतीचा दुसरा दिवस. तो इतका हळू बोलत होता की बहुतेक बाथरूममध्ये उभा असावा.

"कुठून बाहेर येत नाहीयेत?"

"मखरातून. तुमच्या."

हे 'तुमच्या' त्याने मुद्दाम जोडलं. मखर मी केलं होतं हे खरं. पण बाप्पा त्यात मी अडकवले नव्हते.

"उत्तरपूजा झालीये, विसर्जनाला लोक येतायत, आणि आई रडवेली झालीये. प्लीज, लगेच या ना."

नोकरीभर मी न्यू जर्सीतले पूल तपासले. रिटायर झाल्यावर एडिसनच्या घरी गॅरेजमध्ये बिनखिळ्याचं लाकूडकाम सुरू केलं. देवघरं, चौरंग, मखरं. पुलावर मला सगळे मॅडम म्हणत आणि सांगितलेलं ऐकत. आता सगळे मावशी म्हणतात.

बिनखिळ्याचं काम म्हणजे जादू नव्हे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाचं भोक पाडायचं. कुसू भोकात बसलं की दोन्हींतून आरपार एक लाकडी खुंटी ठोकायची. ती मेख. मेख काढली की जोड सुटतो, आणि सगळं मखर सपाट होऊन क्लोजेटमध्ये जातं. तेजसला नेमकं तेच हवं होतं. म्हणून अशा कामात ग्लू लावायचा नसतो. हे मी त्याला डिलिव्हरीच्या वेळी बजावलं होतं. तो फोनकडे बघत मान डोलवत होता.

लाकडी हातोडी घेऊन मी पोचले. तेजस सॉफ्टवेअर कंपनीत क्यूए लीड आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा त्याला पगार मिळतो. बायको गौरी दारातच उभी होती. मखरासमोर त्याची आई, शोभाताई, हात जोडून बसल्या होत्या. लेकाच्या घरचा पहिला गणपती म्हणून त्या खास नागपूरहून आल्या होत्या.

भानगड लगेच लक्षात आली. मूर्ती फूटभर असेल असं तेजसने मला सांगितलं होतं. पण ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात गेल्यावर शोभाताईंना मोठी आवडली. शाडूची, सुरेख, सुपाएवढ्या कानांची. स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी यांनी ती आधी आत ठेवली आणि मग पुढचे खांब आणि कमान बसवली. आता कान खांबांच्या आत आणि विसर्जन बाहेर.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या मेखा काढायच्या, कमान उचलायची, झालं. मी वाकून बघितलं. मेखा नव्हत्याच. भोकं रिकामी, आणि जोडांच्या कडेने वाळलेल्या ग्लूचे पिवळे ओघळ.

"तेजस, मेखा कुठायत?"

"म्हणजे?"

"कापडी पिशवी दिली होती. वर मोठ्या अक्षरात मेख लिहिलं होतं."

त्याने ड्रॉवरमधून पिशवी आणली. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"ही? मला वाटलं वॉर्निंग आहे. आई म्हणते ना नेहमी, 'यात काहीतरी मेख आहे'. म्हटलं, उघडायची नसेल."

"आणि आत काय असेल असं वाटलं तुला?"

"एक्स्ट्रा पार्ट्स. फर्निचरसोबत येतात तसे."

मी पिशवीकडे बघत राहिले. माझंच अक्षर, अगदी सुवाच्य.

मेखा नाहीत म्हणून मखर डुगडुगलं. क्यूएच्या माणसाला डुगडुगणं सहन होत नाही. त्याने व्हिडिओ बघून ग्लू भरला, क्लॅम्पसुद्धा लावले. आणि दुर्दैवाने काम उत्तम केलं. चांगला वुड ग्लू वाळला की ओढाताणीत आधी लाकूड फाटतं, जोड सुटत नाही.

"कापावं लागेल," मी म्हणाले.

"बाप्पापुढे करवत?" शोभाताई उठूनच उभ्या राहिल्या. "अहो शैलाताई, काहीतरी काय बोलता!"

वाफेने ग्लू मऊ होतो. पण वाफेने शाडूही मऊ होतो. हातोडीने ठोकलं तर सोंडेला धक्का. शोभाताईंनी पुन्हा हात जोडले. "पहिल्याच वर्षी मूर्ती भंगली, तर या घराचं कसं होईल? मी कोणत्या तोंडाने परत जाऊ?" मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि तेजसच्या डोक्यात हातोडी घालावीशीही वाटली.

"नक्की कुठे कुठे ग्लू लावलास?"

"जिथे जिथे जॉइंट दिसला तिथे."

"मागच्या फळीला?"

"तिला कुठाय जॉइंट? ती तर फिक्स्ड आहे ना?"

सांगायला हरकत नाही, मला हसू फुटलं. ती फळी मागच्या दोन खांबांतल्या खाचांमधून वर सरकते. डव्हटेल खाच, पारव्याच्या शेपटीसारखी, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. ती मी इतकी घट्ट बसवली होती की फट दिसत नव्हती. चुका शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला माझा जोड सापडला नव्हता! पुलाच्या नोकरीत असं कौतुक कधी वाट्याला आलं नाही.

सप्टेंबरच्या दमट हवेत फळी फुगली होती. गौरीने हेअर ड्रायर आणला. गार पडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, गरम फळी ओढणीने धरून मी आणि तेजसने वर खेचली. शोभाताईंनी दोन्ही तळव्यांनी सोंड सांभाळली होती. फळी करकरली, अडली, पुन्हा करकरली आणि सुटली. मागे कमान नाही, खांबही पार कोपऱ्यात. बाप्पांना ऐसपैस वाट झाली.

मी घाम पुसला. शोभाताईंनी मात्र त्या वाटेकडे बघितलं.

"म्हणजे आमचे गणपती मागच्या दाराने जाणार?"

याचं उत्तर मला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात डोअरबेल वाजली.

"आई, मखरच फिरवू या ना," गौरी म्हणाली.

आम्ही मखर फिरवलं, आणि बाप्पांना पाटासकट आतल्या आत वळवलं. मग मी पूल मंजूर करायच्या आवाजात जाहीर केलं, "आता हीच पुढची बाजू."

शोभाताईंनी क्षणभर विचार केला. "मग चालेल," त्या म्हणाल्या.

पाहुणे आत आले. एकाने मखर निरखून विचारलं, "वा, ओपन डिझाइन का?"

"हो," तेजस म्हणाला. "मिनिमल."

बॅकयार्डमधल्या टबमध्ये बाप्पा अखंड गेले. कान, सोंड, सगळं जागच्या जागी. शोभाताई डोळे पुसत हसत होत्या. मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं हो." माझेही डोळे भरून आले.

मखराची आता घडी होत नाही. ते लिव्हिंग रूममध्येच असतं आणि त्यात राउटर ठेवलाय. रेंज छान येते म्हणे.

पिशवीवर मी हल्ली मेख लिहीत नाही. 'या ठोका' असं लिहिते. आणि प्रत्येक कामात एक तरी जोड असा करते, जो घेणाऱ्याला दिसणार नाही. जो दिसतो, त्याला लोक ग्लू लावतात.