पहिलं वांगं

उन्हाळा सरत आला की मी घरामागच्या आवारात वांग्याचं आणि टमाट्याचं बी टाकते. रोप वीतभर वाढलं, चांगली पानं आली, की आभाळ भरलेल्या दिवशी संध्याकाळी ते उपटून वाफ्यात लावायचं. लवकर लावलं तर कोवळं रोप मान टाकतं. उशीर झाला तर ते जून होतं आणि धड फळत नाही. हे मला सासूबाईंनी शिकवलं.

यंदा रोप तयार झालं आणि पावसानं दडी मारली. मी रोज हंड्यानं पाणी घालत होते. माझे हात दुखतात म्हणून एका संध्याकाळी नवऱ्यानं फवारणीचा पंप पाण्यानं भरला आणि सगळ्या रोपांवर मारला. मी स्वयंपाक सोडून बाहेर आले तर वास आला. सकाळी त्याच पंपानं त्यानं शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतावर, तणनाशक मारलं होतं.

"पंप धुतला होता का जी?"

"धुतला असन ना व. खंगाळला एक बार."

धुतला असन, म्हणे. मागच्या साली शेजारच्या वावरातून असंच औषध उडून आलं होतं, तर आमच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, आखडलेली निघाली होती. मी हंड्यावर हंडे ओतून रोपं धुतली.

दोन दिवसांनी टमाट्याचे शेंडे पिळवटले. वांगी मात्र बरी दिसत होती. त्याच दुपारी आभाळ भरून आलं.

"आजच लाव," सासूबाई म्हणाल्या. "उद्या ऊन निघालं त काही कामाचं नाई."

मायलेकांत भांडण नको म्हणून पंपाचं मी त्यांना सांगितलं नाही. टमाट्याची रोपं पुरून टाकली, वांगी लावली. हात साबणानं घासले, तरी भाकर थापताना भीती वाटत होती.

झाडं वाढली, फुलं आली. वरून सगळं चांगलं, पण आत काय उतरलं असेल? माझी मुलगी येता-जाता कोवळी वांगी कच्चीच खाते. एकदा तिचा हात झाडाकडे गेला तशी मी किंचाळले. ती रडायला लागली.

पहिलं वांगं आमच्याकडे देवापुढे ठेवतात, मग सगळ्यांत वाटतात. मी ते गुपचूप तोडलं, भाजलं आणि चुलीजवळ बसून खायला लागले. कडू लागतं का, जीभ जड होते का, बघत होते. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"वा व! देवाच्या आधी तुलेच भूक लागली?"

मोरीवर हात धुणारा नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग आत आला आणि माझ्या हातातलं उरलेलं वांगं त्यानं तोंडात टाकलं.

"घ्या! दोघंही सारखेच खादाड," सासूबाई म्हणाल्या.

मुलीला त्या दिवशी वरणभात वाढला. आम्ही दोघं न जेवता एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.