मोटर माझी, पण चालू करायची परवानगी कंपनीची

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही म्हणून लिहितो.

आज आमच्या संत्राबागेचा ताण तोडायचा होता. बहार यावा म्हणून झाडांचं पाणी काही दिवस तोडतो, त्यालाच ताण म्हणतात. मग वेळेवर पाणी दिलं नाही तर फूल तर नाहीच, झाडही वाळतं.

गुडघे चालत नाहीत म्हणून मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टरचा डबा घेतला होता. आज तो चालेना. विहिरीवर जाऊन बटण दाबलं, तरी नाही. कंपनीत फोन लावला.

"काका, तुमची वर्गणी संपली. भरल्यावर दोन दिवसांत चालू होईल."

"अवं बाई, विहीर माही, मोटर माही, डबा इकत घेतला. बटण तरी चालू दे."

"डबा तुमचाच आहे काका. सेवा आमची आहे."

विकताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

फोन ऐकत उभे असलेले शेजारच्या शेतातले रशीदभाई हसले. "दादा, पोरगी देल्यावर सासराबी इतका हक्क सांगत नाई." त्यांनी डबा काढून जुना स्टार्टर बसवला. पाणी सुरू झालं.

डब्यात सिम आहे, त्यातून कळलं असावं; लगेच कंपनीचा मेसेज आला, डब्याला हात लावला म्हणून हमी रद्द.

माझ्याच वस्तूला हात लावणं हा माझा गुन्हा कसा? तुमच्याकडे असा डबा असेल तर आजच विचारा, वर्गणी थांबली की हातानं तरी चालतो का?