नलूचा डावा खांदा

मार्च महिना होता, सकाळचे नऊ वाजले होते. नलू मेश्राम भिलाईजवळच्या कुरुदहून स्कूटीवर निघाली होती, चक्कीचा नवा पट्टा आणायला. मागून आलेल्या पांढऱ्या कारने तिला बंपरवर घेतलं आणि ती डाव्या खांद्यावर डांबरावर आदळली. तेवढ्यावर भागलं नाही. तिची ओढणी स्कूटीत अडकलेली आणि स्कूटी कारच्या पुढ्यात. कारवाल्याने ब्रेक मारेपर्यंत नलू दहा-बारा हात फरफटत गेली. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी रस्त्यावर राहिली. खालचा ओठ तिच्याच दातांनी फाटला.

कारवाला उतरला आणि त्याने आधी बंपर पाहिला.

नलू उठायला गेली तेव्हा तिला कळलं, की आपला डावा हात आपल्यासोबत उठत नाही. तो तसाच लोंबत होता. तिने उजव्या हाताने त्या माणसाची कॉलर धरली. तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर उडत होतं आणि ती शिव्या देत होती. लोकांनी गाडीचा नंबर लिहून घेतला, पोलिसांना फोन लावला, तरी तिने कॉलर सोडली नाही. ती बेशुद्ध पडली तेव्हाच बोटं सैल झाली.

नलू तशीच होती. बाप भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये आलेला, ती भिलाईतच जन्मलेली. नवऱ्याला सोडून आल्यावर कुरुदला तिने आटाचक्की टाकली आणि ती एकटीने चालवली. वीस-वीस किलोचे डबे डोक्याच्या वर उचलून ती धान्य ओतायची. कोणी रांग मोडली, की गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज जायचा. ‘नलूताईच्या तोंडी लागू नको,’ असं नवीन भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं. हे तिला माहीत होतं आणि आवडतही होतं.

दंडाचं हाड खांद्याजवळ तीन जागी फुटलं होतं. डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि आठ स्क्रू टाकले. सहा महिन्यांनी हात छातीपर्यंत यायला लागला, त्यापुढे नाही. दुर्गचे अमरदीप वकील तिच्या ओळखीतले, त्यांनी दुर्गच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. समोर होती कारची विमा कंपनी.

कंपनीने आपला माणूस पाठवला. गौरव नाव, तिशीचा, बोलायला गोड. पहिल्या दिवशी तो फाइल घेऊन चक्कीवर आला आणि स्टुलावर बसला.

“आंटीजी, बस कुछ सवाल हैं.”

पडली तेव्हा फोनवर बोलत होतीस का? फिट येते का? दारू? तंबाखू? नवरा सोबत कावून राहत नाही? नलू दात आवळून उत्तरं देत गेली. मग त्याने खांद्याचे फोटो मागितले, पुढून, मागून, बाजूने, कपडा काढून. आणि वर न पाहता विचारलं, “महीना कब बंद हुआ? हड्डी कमजोर हो जाती है ना, इसलिए.”

तिची पोरगी समीक्षा तेव्हा घरीच होती. ती एका पॅथॉलॉजीत काम करायची. ती म्हणाली, “मम्मी, तू जवाब मत दे.”

नलूने पिठाचं सूप उचलून त्याच्या फाइलवर उपडं केलं. “हे लिहून घे,” ती म्हणाली.

गौरवने शांतपणे फाइल झटकली आणि गेला. पण तो गेला नव्हताच. तो शेजारपाजारी फिरला. नलूताई रागीट आहे का, तिच्याकडे कोण येतं-जातं, ती आधी कधी पडली होती का, असं दारोदार विचारत राहिला. पंधरा दिवसांनी एक अनोळखी माणूस पाच किलो गहू दळायला घेऊन आला. नलूने डबा उजव्या हाताने उचलला, डाव्याने नुसता खालून आधार दिला. वेदनेने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाच्या खिशातल्या मोबाइलने डबा टिपला. डोळे टिपले नाहीत. कंपनीने कोर्टात लिहून दिलं, की बाई धडधाकट काम करते.

नलूला हे सगळं शरीराला हात लावल्यासारखं वाटायचं. गल्लीत पोरी दबक्या आवाजात बोलताना दिसल्या, की आपल्याबद्दलच बोलतात असं तिला वाटे. एकदा तिने गिऱ्हाइकाच्या खिशातून मोबाइल ओढून भिंतीवर फेकला. तो बिचारा खरंच ज्वारी घेऊन आला होता.

मग एक दिवस अमरदीप वकिलांनी तिला दुर्गला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक जुना, पिवळा पडलेला कागद होता.

“ताई, हे काय आहे? तुमी मले हे कावून नाही सांगितलं?”

दोन हजार सहा सालचा दवाखान्याचा कागद. डाव्या बाजूची हासळी, गळ्याजवळचं हाड, तुटली. कारण : बाथरूममध्ये पाय घसरला. सोबत दौलत मेश्रामचा सहीचा जबाब : ‘माझ्या बायकोचा डावा खांदा आधीपासूनच निकामी आहे.’ गौरवने तिच्या नवऱ्याला शोधून काढलं होतं आणि दौलतने जपून ठेवलेलं प्लांटच्या दवाखान्याचं मेडिकल बुक त्याच्या हाती दिलं होतं.

“कंपनी म्हणते, हे दुखणं जुनंच आहे,” वकील म्हणाले. “बाथरूममध्ये पडल्या होत्या ना तुमी?”

नलूने कागद उलटा करून ठेवला. “मले जरा पाणी द्या,” एवढंच म्हणाली.

ती बाथरूममध्ये पडली नव्हती. दौलत तेव्हा प्लांटमध्ये होता, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये ते राहत. त्या दिवशी फोरमनशी भांडण केलं म्हणून त्याला अर्ध्या शिफ्टमधून घरी पाठवलं होतं. संध्याकाळी त्याचा दोस्त आला आणि नलू सहज बोलून गेली, “यांले तर दुपारीच हाकललं.” दोस्त हसला. तो गेल्यावर दौलतने दार लावलं. दाराला टेकू द्यायला प्लांटमधून आणलेला लोखंडी तुकडा तिथेच होता. त्याने डोक्यावरच मारला होता. ती वळली म्हणून हासळीवर बसला. ती खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या, पोटात, पाठीत, थकेपर्यंत. मग स्वतःच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं तेव्हा तो पडद्याला धरून उभा होता. नलू म्हणाली, “बाथरूममध्ये घसरली.”

दोन वर्षांनी ती समीक्षाला घेऊन निघाली. सगळ्यांना सांगितलं, नवरा पितो. मारतो हे कोणालाच सांगितलं नाही. मार खाल्लेली बाई म्हणून तिला कोणी पाहिलेलं नको होतं. ज्या गल्लीत तिच्या आवाजाला लोक वचकत, त्या गल्लीत तर नकोच.

वकिलांना तिने त्या दिवशी अर्धंच सांगितलं. तेवढ्यानेही त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, “हे कोर्टात बोलावं लागंल, ताई. नाही बोलल्या तर त्याचाच कागद चालंल.”

वकिलांनी तसं कोर्टात लिहून दिलं आणि ही बातमी दौलतपर्यंत कशी पोचली कोण जाणे. गौरवनेच पोचवली असावी. पुढच्या आठवड्यात भर दुपारी, चक्की चालू असताना, दौलत दारात उभा राहिला. रिटायर झालेला, गालफडं बसलेली, गळ्यात गमछा. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“कोर्टात माझं नाव घेणार म्हणते तू?”

“तू सही कावून केली?”

“मले केसमध्ये गोवू नको, सांगून राहिलो. या वयात मी जेलात नाही जाणार.”

“बाहेर हो.”

तो बाहेर झाला नाही. त्याने पुढे येऊन तिचा डावा हात धरला आणि मागे पिरगाळला. नेमका तोच हात. आतल्या पट्टीने हाडात कुरतडल्यासारखं झालं आणि नलूच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. त्याने अजून वर ओढला. “बोल, घेशील नाव? घेशील?”

नलूने सगळ्या अंगाचा भार देऊन मागे धडक मारली. तिचं डोकं त्याच्या नाकावर बसलं. तो मागे धडपडला आणि त्याच्या गमछ्याचं टोक चालत्या पट्ट्यात गेलं.

पट्ट्याने त्याला ओढलं. गळ्याभोवती गमछा आवळला, दौलत गुडघ्यावर आला, त्याचं तोंड फिरत्या चाकाकडे जाऊ लागलं. सोडवायला त्याने उजवा हात घातला आणि दोन बोटं पट्टा अन् चाकाच्या मधे गेली. रक्ताची चिळकांडी पिठाने माखलेल्या भिंतीवर उडाली. ओरडायलाही त्याच्या गळ्यात जागा नव्हती. बटण नलूपासून दोन पावलांवर होतं.

एक श्वासभर ती हलली नाही.

मग तिने बटण दाबलं. चाक लगेच थांबत नाही, अजून चार-पाच फेरे घेतं. तेवढ्यात तिने पोत्यांची तोंडं कापायच्या विळ्याने गमछा कापला.

रिक्षात तिनेच त्याला घातलं. त्याचा हात आपल्या ओढणीत गुंडाळून, उजव्या हाताने घट्ट दाबून ती बसली होती. दौलत रडत होता. “नलू, काही बोलू नको,” तो घोगऱ्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होता. दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, कसं झालं?

“चक्कीच्या पट्ट्यात गमछा गेला,” नलू म्हणाली. “माझा हात पिरगाळत होता तेव्हा. हा माझा नवरा. दोन हजार सहामध्ये यानंच माझी हासळी तोडली होती, लोखंडानं. तेही लिहा.”

डॉक्टरीण थबकली. तिने आधी दौलतकडे पाहिलं, मग नलूचा सुजलेला खांदा पाहिला आणि तिच्यासाठीही एक केसपेपर मागवला. दौलतची दोन बोटं गेली.

नोव्हेंबरात दुर्गच्या कोर्टात नलू उलटतपासणीला उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने जुना कागद वाचला आणि हिंदीत विचारलं, बाथरूममध्ये घसरलात हे तुम्हीच सांगितलं होतं ना?

“हो.”

“आणि आता म्हणता नवऱ्याने मारलं. म्हणजे तेव्हा खोटं बोललात.”

“हो. मारणारा पडद्याला धरून उभा होता साहेब. तुमी बोलले असते खरं?”

कंपनीचा वकील म्हणाला, ज्या बाईने एकदा खोटं सांगितलं तिचं आता का ऐकावं? आणि चक्कीत नवऱ्याची बोटं गेली, त्यावेळी तुम्ही मशीन लगेच बंद का केली नाही? हा प्रश्न गौरवनेच दौलतकडून खणून आणला असणार. तो मागच्या बाकावर बसला होता.

अमरदीप वकील हरकत घ्यायला उठले, पण नलू आधीच बोलायला लागली होती. “एक श्वास थांबली मी. मरू दे म्हटलं मनात. मग नाही राहवलं, बंद केली. हे पण लिहून घ्या. मी काहीच लपवून नाही राहिली आता.” तिने कठडा धरून ठेवला.

मग हाडांच्या डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी उजेडासमोर धरले. जुनं मोडलेलं हाड गळ्याजवळचं, कधीच जुळलेलं. नवीन मोडलेलं दंडाचं, खांद्याच्या सांध्यातलं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पाच मिनिटांची गोष्ट होती. नलूला वाटलं, हे दोन फोटो आधीच शेजारी धरले असते तर? पण कोणाला ते करायचंच नव्हतं.

बाहेर रिक्षात बसल्यावर समीक्षा रस्त्याकडे पाहत होती.

“तुले सांगायला पाहिजे होतं मी,” नलू म्हणाली. “लहान होती तू.”

“मम्मी, मी पलंगाखाली होती.” समीक्षाचा आवाज अगदी सपाट होता. “मैंने सब देखा था. तू बाथरूम म्हणाली तर मले वाटलं, असंच म्हणायचं असते.”

रिक्षा भिलाईच्या सिविक सेंटरपर्यंत आली. तिथे समीक्षाने रिक्षा थांबवली, दोन ग्लास उसाचा रस आणला आणि एक आईच्या उजव्या हातात दिला.

निकाल पुढच्या वर्षी लागला. कोर्टाने अपघाताची इजा मान्य केली, मागितलं त्याहून कमी, पण दिलं. कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे. गौरव आता दुसऱ्या कोणाच्या तरी दारात फाइल घेऊन बसत असेल. दौलतविरुद्ध नलूने पोलिसात लिहून दिलंय, ते प्रकरण रखडत चाललंय आणि ती प्रत्येक तारखेला जाते. हात कानापर्यंत येतो, त्याच्यावर नाही. चक्कीत धान्य ओतायची जागा तिने मिस्त्रीला बोलावून कमरेएवढी खाली करून घेतली. गल्लीत सगळ्यांना सगळं कळलंय. पहिले काही दिवस बायका तिच्याशी हळू आवाजात बोलायच्या, ते तिला मुळीच सोसायचं नाही. मग एका सकाळी कोणीतरी रांग मोडली आणि नलूचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.