बाईंची उपाशी धमनी

"आधी तिला खायला घाला, मग काम सांगा," असं आमच्या बाई म्हणाल्या की नव्या माणसाला वाटायचं, घरच्या म्हशीची गोष्ट चाललीय. चाललेली असायची बकऱ्याच्या मेंदूतल्या धमनीची.

सत्तरच्या दशकात मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. बाई रहिमतपूरच्या. वर्गात अगदी छापील बोलायच्या, पण धमनीचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात टांगला की गावाकडची बोली सुटायची. औषधाचा थेंब पडला की तुकडा आवळायचा आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तुकड्याला जोडलेली काडी रेघ ओढत वर चढायची. पाण्यातली साखर आणि प्राणवायू काढून घेतला की पेशीच्या आतली चूल मंदावायची, तुकडा सैल पडायचा, काडी खाली यायची. "मेंदूला रगत कमी पडलं की शीर आपली आपण रुंद होती, ती ह्याच्यामुळं," असं बाईंचं म्हणणं.

मुंबईचे एक मोठे सर म्हणायचे, तुमचा तुकडा सैल पडत नाही, मरतो. शेवटी ते स्वतःच बघायला आले. त्यांना पटलं नसतं तर आमची खोली दुसऱ्या विभागाला जाणार होती.

नेमका त्याच सकाळी आम्हाला रोज ताजा भेजा देणाऱ्या खाटिकानं घोळ घातला. बाईंकडे पाहुणे येणार, एवढंच त्याच्या कानावर गेलेलं. त्यानं भेजा गरम पाण्यानं धुऊन, हळद-मीठ चोळून तयार ठेवला. "आवं बाई, आता वास येनार न्हाई," म्हणाला. गरम पाण्यानं आतली धमनी कामातून गेली होती. तुम्ही-आम्ही असतो तर त्याला तिथंच झाडला असता. बाई म्हणाल्या, "लय चांगलं केलंस. ह्यो घरी न्हेते. आता दुसरा दे, आन् त्याला हात लावू नगंस." मग बर्फाची बरणी घेऊन त्या दुकानातच उभ्या राहिल्या.

दुपारी तुकडा टांगला. झकास आवळला. साखर काढली, प्राणवायू बंद केला. काडी घसरत तळाला टेकली.

"मेली," सर म्हणाले.

"न्हाई. उपाशी हाय."

बाईंनी पाणी बदललं, साखर घातली, प्राणवायू सोडला, औषधाचा थेंब टाकला. काडी हलेना. बाई मात्र आजाऱ्याला पेज पाजावी तशा पुटपुटत होत्या, "घे, सावकाश घे." आणि काडी हलली. चढत चढत पहिल्या उंचीला जाऊन भिडली.

सरांनी खिशातली पट्टी काढून दोन्ही रेघांची उंची मोजली. "खोली तुमचीच राहील," एवढंच म्हणाले. मला तर वाटलं, रस्त्यावर जाऊन चारचौघांना सांगावं, ह्या आमच्या बाई.

बाई आता नाहीत. डोळ्यांपुढं येतात त्या तशाच, तो कागद दोन्ही हातांत धरून निघालेल्या, कपाळावर काजळीचा हा एवढा फराटा. सगळ्या व्हरांड्यातून त्या ताठ मानेनं गेल्या, आणि पुसा म्हणून त्यांना आम्ही कुणी सांगितलं नाही.