मधेच मोठा झालेला आवाज

श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा वास दरवळला की मला जळगावातली एक दुपार आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. धुळ्याकडच्या आमच्या गावी आईने म्हटलेली कानबाईची गाणी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॅसेटवर भरून घेतली होती. जळगावच्या आतेभावाने ती आपल्या नव्या कॉम्प्युटरवर चढवली होती. आई-आबांसह आम्ही सगळे ऐकत बसलो होतो; बाहेरून केळीचे ट्रक जात होते आणि पंख्याखाली आईचा आवाज संथ तरंगत होता. गाणं संपलं, पण भरताना टेप तसाच चालू राहिला होता. बारीक आवाज आपोआप वाढवणाऱ्या सेटिंगने पुढची कुजबुज एकदम खोलीभर केली, "बठ्ठा गावमा तुनाच आवाज गोड शे." ते कॅसेटवरचे आबा होते, सगळ्या गावात आईचाच आवाज गोड म्हणणारे. चारचौघांत आईशी कधी धड न बोलणारे आबा उठून खिडकीशी गेले आणि ट्रक बघत राहिले. आतेभाऊ ओशाळून आवाज कमी करायला लागला, तर आई पदराआडून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाऊ. परत लाव." आता दोघंही नाहीत. मोबाईलवर गाणी ऐकताना आवाज मधेच उसळला की माझी मुलं दचकतात, आवाज वाढवणारी ती सेटिंग बंद करायला सांगतात. मी करत नाही.